चेंडू ज्याच्या हातात

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी जळकुकडा आहे. माझी गोष्ट ऐकताना तुम्हाला वाटेल, किती हा दुसऱ्यांना नावं ठेवतो! ठेवतोच. ज्याची जागा दुसऱ्याने घेतली असेल त्याला विचारा, म्हणजे कळेल. मी एक जुना, मुठीत मावेल एवढा स्पंजचा चेंडू आहे. एके काळी माझा रंग नारिंगी होता. आता मी कोणत्या रंगाचा आहे यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. माझ्या एका अंगाला शाईचा डाग आहे, दुसऱ्या अंगाला दातांच्या खुणा आहेत, आणि त्या कुत्र्याच्या नाहीत.

माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यात फेसाळ लगदा ओतला, तो फुगला, थंड झाला आणि आम्ही भावंडं शेकड्यांनी बाहेर पडलो. काहींच्या नशिबी खेळण्यांचं दुकान आलं. माझ्या नशिबी नळ बनवणारी एक कंपनी आली. तिने माझ्या पोटावर आपलं नाव छापलं आणि एका प्रदर्शनात मला टोपलीत घालून ठेवलं. टोपलीवर पाटी होती, 'फुकट आहे, घ्या'. तुम्हाला कोणी निवडून, भाव करून, हौसेने घरी नेलं असेल तर हे दुःख तुम्हाला कळायचं नाही. मला उचललं काकांनी, आणि तेही नळाचं माहितीपत्रक घेताना त्यांचा हात चुकून टोपलीत गेला म्हणून.

काका म्हणजे ऑफिसातले सगळ्यात जुने गृहस्थ. शहरातला प्रत्येक बसथांबा त्यांना पाठ होता, कारण ते नकाशे काढायचं काम करायचे. ज्या टीममध्ये ते होते ती टीम थांब्यांवर लावायचे फलक तयार करत होती. तुमची बस किती मिनिटांत येईल हे सांगणारे ते उजेडाचे फलक असतात ना, तेच. टीमची प्रमुख एक बाई होती. तिला सगळे ताई म्हणायचे, तिच्यापेक्षा वयाने मोठे असलेले काकासुद्धा. आणि फलकामागचा हिशेब, म्हणजे संगणकाचा प्रोग्रॅम, लिहिणारा एक तरुण होता, त्याचं नाव मी सांगत नाही, कारण ऑफिसात कोणी त्याला नावाने हाक मारतच नसे. सगळे त्याला बडबड्या म्हणत. आणखीही दोघं-तिघं होती, पण माझ्या गोष्टीत त्यांचं काही काम नाही.

त्यांची मीटिंग रोज सकाळी खिडकीपाशी उभ्या उभ्या होई. बसलं की माणसं रेंगाळतात, असं ताईचं म्हणणं. पण उभा राहिलेला बडबड्यासुद्धा रेंगाळायचा. तो एकदा सुरू झाला की दुसऱ्याला तोंड उघडायला फट मिळत नसे. एके दिवशी काकांच्या हातात मी होतो, आणि बडबड्याचं लांबण काही संपेना. काकांनी नेम धरून मला त्याच्या कपाळावर मारलं. मी लागलो नाही, मी कोणालाच लागत नाही. पण तो गप्प झाला. ताई हसली आणि म्हणाली, "बरं झालं. आजपासून चेंडू ज्याच्या हातात, तोच बोलणार. बाकीच्यांनी तोंड मिटायचं."

मित्रांनो, त्या एका वाक्याने माझं नशीब फळफळलं.

मी ज्याच्याकडे जाई त्याच्याकडे सगळे बघत. तो बोलला नाही तरी बघत. हे फार महत्त्वाचं आहे, नीट लक्षात घ्या. काकांकडे मी गेलो की काका लगेच बोलत नसत. ते मला हातात फिरवत, माझ्यावर अंगठा घासत, खिडकीबाहेर बघत. बडबड्याचा जीव खालीवर होई, पण चेंडू काकांकडे होता, त्यामुळे तो काय करणार? मग काका एखादंच वाक्य बोलत, "त्या पुलाखालचा थांबा आता हलवलाय, बरं का," आणि मला पुढे फेकत. त्या एका वाक्याने आठवड्याची फुकट मेहनत वाचायची. बडबड्याला मात्र मला सोडवत नसे. मला पुढे फेकायची वेळ आली की तो आधी मला कडकडून चावत असे. दातांच्या खुणा आहेत त्या त्याच्या. मला त्या आवडतात. कुणाला आपण इतके हवेसे असणं ही काही साधी गोष्ट नाही.

माझी कीर्ती पसरली. शेजारच्या टीमने आमची नक्कल केली, पण त्यांनी हातात धरायला खोडरबर घेतलं. खोडरबर! ते दुसऱ्याच दिवशी हरवलं आणि मला आठवडाभर गोड झोप लागली. वरच्या मजल्यावरचे साहेब एकदा येऊन मागे उभे राहिले आणि जाताना म्हणाले, "या टीममध्ये कोणी कोणाचं वाक्य तोडत नाही." ते माझ्याविषयी बोलत होते. ताईला वाटलं तिच्याविषयी बोलत आहेत, पण असू दे.

मग कंपनीने तो मजला सोडला. आता सगळ्यांनी आपापल्या घरून काम करायचं ठरलं. काका आपल्या गावी गेले, बडबड्या बहिणीच्या शहरात राहायला गेला. ताईने एका खोक्यात आपला कप, एक कुंडी आणि मला भरलं आणि घरी आणलं. खरं तर मी काकांचा होतो. पण काका म्हणाले, "मीटिंग तू घेणार, तर चेंडू तुझ्याकडेच राहू दे." मी हुरळून गेलो. माझ्या मनात आलं, जिथे मीटिंग तिथे मी.

घरी ताईने मला टेबलावर लॅपटॉपच्या शेजारी ठेवलं. तोपर्यंत मी लॅपटॉपला काही मोजत नव्हतो. ऑफिसात प्रत्येकाकडे एक होता, कोपऱ्यात पडून असायचा. पहिल्या दिवशी तो उघडला आणि त्याच्या काचेत चौकोन चौकोन होऊन सगळी टीम बसलेली. काका होते, बडबड्या होता. ताईने नेहमीच्या सवयीने मला उचललं आणि बडबड्याकडे फेकलं. मी काचेवर आपटलो, घरंगळत खाली पडलो आणि कपाटाखाली गेलो. सगळे पोट धरून हसले. कपाटाखाली धुळीत पडून मी ते हसणं ऐकत होतो. तेव्हापासून तो लॅपटॉप माझ्या डोळ्यांत खुपतो. माझी सगळी माणसं त्याने गिळली आणि वर झाकण लावून घेतलं.

ताईने मला काढलं ते चार दिवसांनी, झाडू मारताना. तोवर माझ्या जागी दुसराच कोणीतरी आला होता. बोलायचं असेल तर काचेवरचं एक बटण दाबायचं आणि चौकोनात एक पिवळा हात वर येई. चित्रातला हात हो! त्याने आयुष्यात कधी काही झेललेलं नाही. त्याला बोटं आहेत, पण एकालाही पेर नाही. आणि त्याला म्हणे आता विचारायचं, कोण बोलणार. माझ्या पोटात स्पंजशिवाय काही नाही, तरी त्या दिवशी पोटात दुखलं.

गंमत अशी, की त्या पिवळ्या हाताला कोणी विचारतही नव्हतं. बडबड्याने ते बटण कधी दाबलंच नाही, तो सरळ बोलायला लागायचा. काकांना ते बटण सापडत नसे. ताई नकाशा दाखवायला लागली की तो पूर्ण काच व्यापून टाकी, मग हात वर आहे की खाली, कोणाला दिसणार? मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

मला आता दुसरं काम मिळालं होतं. ताईचे वडील तिच्याकडेच राहायचे, त्याच खोलीत खिडकीपाशी आरामखुर्चीत बसायचे. सगळ्या घराचे ते बाबा. न्हाणीघरात घसरून त्यांचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, रोज काहीतरी मऊ दाबत बसा. ताईने मला उचलून त्यांच्या हातात दिलं. ज्याच्यासाठी सगळी टीम थांबायची तो मी, आता बाबांच्या बोटांच्या व्यायामाला. बाबांच्या मुठीत बसून मी रोज समोरच्या टेबलावरची मीटिंग बघायचो आणि जळायचो.

त्याच सुमारास टीममध्ये एक नवीन मुलगी आली. आली म्हणजे काय, काचेत आली. तीही बडबड्यासारखीच फलकाचे हिशेब लिहिणारी होती, आणि राहायला फार फार लांब, दुसऱ्या देशात. इकडे ऊन वर आलेलं असे तेव्हा तिच्याकडे नुकतं झुंजुमुंजू होत असे. तिची लाईन चांगली नव्हती म्हणून तिचा चेहरासुद्धा दिसत नसे, फक्त एक करडा गोल आणि त्यात तिच्या नावाचं पहिलं अक्षर. ती कधी बोलायची नाही. महिनाभरात बडबड्याने तिचं नाव मौनीबाबा ठेवलं, मग सुटसुटीत मौनी झालं. अर्थात तिच्या माघारी.

या मौनीचा मला सगळ्यात जास्त राग. कारण सांगतो. तिने मला कधी शिवलं नाही, मी तिच्या हातात कधी गेलो नाही, आणि तरी ताईच्या डोक्यात दिवसभर तीच. जेवताना ताई बाबांना सांगे, "बाबा, मला कळतच नाही ही मुलगी काम करते की झोपते." लॅपटॉपवर प्रत्येकाच्या नावापुढे एक हिरवा ठिपका असतो. माणूस जागेवर असला की हिरवा, नसला की विझतो. ताई चहा पिताना, फोनवर बोलताना, भाजी चिरून आल्यावर आधी मौनीचा ठिपका बघायची. माझ्याकडे तिने इतक्या वेळा कधी पाहिलं नव्हतं. आणि तो ठिपका खरं सांगतो असंही नाही. काकांनी पुढे स्वतःच कबूल केलं, की आंघोळीला जाताना ते माऊस टेबलफॅनला बांधून जायचे. पंखा डोलला की माऊस हलायचा, आणि काकांचा ठिपका हिरवागार. पण काकांवर कुणाचा संशय नव्हता, कारण काकांना सगळे समोरासमोर ओळखत होते.

आता जे घडलं ते नीट ऐका, कारण मी ते माझ्या कानांनी ऐकलं आहे. म्हणजे कान नाहीत, पण ऐकलं आहे.

एका सोमवारी ताई मीटिंगमध्ये म्हणाली, "बस उशिरा धावत असेल तर तो उशीर फलकाच्या हिशेबात धरायचा राहिलाय. कोण करतंय?" बडबड्या म्हणाला, "मी करतो, एका दिवसाचं काम आहे." ताई म्हणाली, "छान. कुणाला काही बोलायचंय? नाही ना? चला, मग पुढे." हे तिन्ही ती एका दमात म्हणायची. मधे श्वाससुद्धा घेत नसे. ताई पुढच्या विषयावर गेली आणि तेव्हा लॅपटॉपमधून बारीकसा आवाज आला, "ताई, ते मी..." तेवढ्यात बडबड्याने पुढचं वाक्य सुरू केलं होतं. बाबांनी मान वर केली. ताई म्हणाली, "कोण बोललं मधेच? असो." आणि मीटिंग चालू राहिली.

माझ्या काळात असं झालं नसतं. माझ्या काळात ज्याला बोलायचं असे त्याच्याकडे मी जात असे, आणि मी गेलो की थांबावंच लागे. आता थांबायचं कशासाठी? काचेत शांतता पसरली की ताईला वाटे सगळ्यांना मान्य आहे. मला हे सगळं बघून मनातून गुदगुल्या होत होत्या. होऊ दे तुमचा गोंधळ, म्हटलं, म्हणजे आठवण येईल चेंडूची.

गोंधळ झाला. सगळीकडे फलक बसवायच्या आधी चाचणीसाठी एक लावला होता, त्या थांब्यावर साहेब स्वतः गेले. फलक दाखवत होता, बस दहा मिनिटांनी येईल. साहेब समोरच्या टपरीवर गेले, चहा घेतला, पहिला घोट घेतला आणि बस त्यांच्या नाकासमोरून निघून गेली. फलक अजून सांगतच होता, बस यायची आहे. चौकशी झाली तेव्हा कळलं, की उशिराचा हिशेब बडबड्यानेही लिहिला होता आणि मौनीनेही. दोघांचं काम एकत्र जोडल्यावर पाच मिनिटांचा उशीर दोनदा धरला गेला. दोघांनी आपापलं काम वेगवेगळं तपासलं होतं आणि दोघांचंही बरोबर होतं.

साहेबांचा फोन आला तेव्हा मी बाबांच्या मुठीत होतो. फोन कानाला लावलेला होता तरी त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "तुमच्या टीममध्ये कोणी कोणाशी बोलतं की नाही? ती लांबची मुलगी आल्यापासून एक शब्द बोललेली नाही. तिला कशाला ठेवलंय? शुक्रवारपर्यंत मला कळवा, जबाबदार कोण आणि कमी कोणाला करायचं." ताई म्हणाली, "सर, मी मीटिंगमध्ये सगळ्यांना विचारलं होतं. ती काही बोलली नाही." आणि फोन ठेवल्यावर तिने ते दुसऱ्यांदा स्वतःशीच म्हटलं, "विचारलं होतं मी."

मित्रांनो, मौनी जाणार हे ठरल्यासारखंच होतं, आणि मला आनंद झाला होता.

शुक्रवारी सकाळी ताईने तिला फोन लावला. असं काही काचेवर लिहून कळवायचं नाही, आपण स्वतः सांगायचं, एवढी माणुसकी तिच्यात होती. फोन टेबलावर ठेवून तिने स्पीकर चालू केला. समोर कागद होता, त्यावर काय बोलायचं ते लिहिलेलं होतं.

"हॅलो, मी ताई बोलतेय. जरा महत्त्वाचं बोलायचं होतं." पलीकडून काहीच आलं नाही. "ऐकू येतंय ना तुला? हे बघ, मी काय म्हणत होते..." त्याच वेळी पलीकडून आलं, "हो ताई, बोला ना." ताई म्हणाली, "हं, बोल, बोल." पलीकडे पुन्हा शांत. ताईने पुन्हा सुरुवात केली, "तर काय झालंय..." आणि पलीकडून आलं, "नाही, तुम्ही बोला आधी." ताईने कपाळाला हात लावला.

बाबा इतका वेळ पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला. "अगं, तू तिला बोलू देशील का?"

"बाबा, मीच तर विचारतेय तिला."

"विचारतेस आणि थांबत नाहीस. तुझा आवाज तिकडे पोचायला वेळ लागतो. मग ती बोलणार, मग तिचा आवाज इकडे यायला वेळ. तेवढ्यात तू दुसरं काहीतरी सुरू करतेस. मी परदेशातल्या तुझ्या आत्याशी दर रविवारी बोलतो, कधी ऐकलंस का नीट? फोन असाच अडखळतो आमचा. माझं सांगून झालं की मी म्हणतो, 'माझं झालं, आता तू बोल.' आणि तोंड मिटून बसतो. तिचं झालं की ती म्हणते, 'माझं झालं.' मधे कोणी बोलायचं नाही."

"मला नाही जमत तोंड मिटून बसायला," ताई म्हणाली.

"मला तरी कुठे जमतं? काहीतरी दाबत बसावं लागतं." आणि बाबांनी आरामखुर्चीतून उठून मला ताईच्या हातात दिलं. "हे घे. धर घट्ट."

किती दिवसांनी मी तिच्या हातात आलो होतो. पण ती माझ्याकडे बघत नव्हती, फोनकडे बघत होती. ती म्हणाली, "माझं झालं. आता तू बोल." आणि मग तिने तोंड मिटलं.

पलीकडे काहीच नव्हतं. ताईची बोटं माझ्यात रुतली. तिला बोलायचं होतं, मला ते कळत होतं, मी माणसांच्या मुठी ओळखतो. ती म्हणणार होती, "ऐकू येतंय ना?" तिने ते म्हटलं नाही. तिने मला इतकं दाबलं की माझ्यात हवा उरली नाही. आणि मग मौनीचा आवाज आला. पूर्ण वाक्य, पहिल्यांदाच.

"ताई, तुम्ही मला काढायला फोन केलाय ना?"

ताईचं तोंड उघडलं. बाबांनी नुसता हात वर केला. तिने तोंड मिटलं आणि मला पुन्हा दाबलं.

"मला माहीत आहे, मी बोलत नाही असं सगळे म्हणतात," मौनी सांगत होती. "ताई, मी बोलते. तुम्ही विचारता, 'कुणाला काही बोलायचंय?' ते माझ्याकडे येतं तेव्हा तुमच्याकडे पुढचा विषय सुरू झालेला असतो. मी बोलले की माझा आवाज दुसऱ्याच कुणाच्या तरी वाक्यात पडतो. मग तुम्ही म्हणता, 'कोण बोललं मधेच?' मला लाज वाटते. तो उशिराचा हिशेब मी आदल्या आठवड्यातच करायला घेतला होता. टीमच्या चॅटच्या गटावर लिहिलंही होतं, पण त्या दिवशी तिथे निरोपांचा नुसता पाऊस पडत होता, कोणी वाचलं नसेल. म्हणून त्या सोमवारी सांगत होते. एकदा सांगितलं तेव्हा ते काम घेणारे दादा बोलत होते. दुसऱ्यांदा सांगितलं, पूर्ण सांगितलं, आणि मग बघितलं तर मीटिंग संपली होती. तुम्ही सगळे गेला होतात. मी रिकाम्या काचेशी बोलत होते, ताई." ती थांबली. "इथे घरातले झोपलेले असतात, म्हणून मी स्वयंपाकघरात बसून हळू बोलते. मोठ्याने बोलले तर बाळ उठतं. एवढंच. माझं झालं."

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! महिनोन्महिने मी तिच्यावर जळत होतो, की ही काचेत आहे आणि मी बाहेर आहे. आणि ती तर माझ्यासारखीच कपाटाखाली पडलेली निघाली. तरी सांगतो, जळणं थांबलं नाही. कारण ताईचे डोळे भरले होते ते तिच्यासाठी, आणि ते तिने पुसले मात्र माझ्या अंगाला.

ताईने समोरचा कागद उलटा केला. मग ती सावकाश म्हणाली, "तू कुठेही जात नाहीस. मी विचारत होते, पण ऐकायला थांबत नव्हते. चूक माझ्याकडे आहे. माझं झालं." आणि पुन्हा थांबली. पलीकडून आवाज यायला तितकाच वेळ लागला. आला तेव्हा तो रडण्याचा होता. आणि मागून बाळाच्याही रडण्याचा. बाळ उठलं होतं.

त्याच दिवशी ताईने साहेबांना फोन केला. "जबाबदार कोण, ते कळवायचं होतं ना? माझं नाव लिहा, सर. काम कोणी घ्यायचं हे मीटिंगमध्ये मीच ठरवते, आणि मीटिंग मीच वाईट चालवली. कमी कोणालाही करायचं नाही." साहेब बरंच काही बोलले. तिने मला दाबत ते सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्यांनी तिला महिनाभराची मुदत दिली, फलक नीट चालले तर टीम राहील, नाहीतर ताईच जाईल.

मला वाटलं, आता माझे दिवस परत आले. आता ताई सगळ्यांना सांगेल, चेंडू आणा, प्रत्येकाने एकेक आणा. तसं काही झालं नाही. सोमवारी तिने टीमला बाबांचे ते शब्द शिकवले. बोलून झालं की म्हणायचं, "माझं झालं, आता तू," आणि पुढच्याला नावाने हाक मारायची. ज्याला हाक मारली तो बोलेपर्यंत बाकीच्यांनी गप्प बसायचं, कितीही वेळ लागो. पहिल्या दिवशी बडबड्या दोनदा घसरला आणि दोन्ही वेळा सगळे त्याच्यावर ओरडले. काका मात्र खुश. त्यांच्याकडे पाळी आली की ते पूर्वीसारखे खिडकीबाहेर बघत बसत आणि सगळी टीम थांबे. मी टेबलावरून ते बघत होतो. चार शब्दांनी माझी नोकरी खाल्ली, मित्रांनो. त्या शब्दांना ना रंग, ना आकार, ना कोणी त्यांना कधी चावलं. आणि ते एका घरातून दुसऱ्या घरात जातात, देश ओलांडून जातात, काचेवर आपटत नाहीत. मी किती जळलो असेन याची कल्पना करा.

आणखीही काही बदललं. कोण काय करतंय ते मीटिंगच्या आधी सगळ्यांनी एकाच ठिकाणी लिहायचं ठरलं, म्हणजे निरोपांच्या पावसात वाहून जायला नको. मीटिंगची वेळ दर आठवड्याला बदलायला लागली, म्हणजे रोज पहाटे मौनीलाच उठायला नको. एका आठवड्यात ती पाळी बडबड्यावर आली. त्या आठवड्यात तो इतका कमी बोलला की काकांनी विचारलं, "अरे, तुझी तब्येत बरी आहे ना?" तो नुसता जांभई देत होता. त्यानंतर त्याने मौनीला मौनी म्हणणं सोडलं. ताईने हिरवे ठिपके बघणं सोडलं. मी मात्र तिला अजून मौनीच म्हणतो. जळणाऱ्याला तेवढी मुभा असते.

महिना भरत आला तेव्हा साहेब पुन्हा थांब्यावर गेले. फलकाने सांगितलेल्या वेळेला बस आली. साहेब त्यात चढले आणि बसमधूनच त्यांनी ताईला फोन केला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, गाडीचा आवाज फार होता. पण ताईने फोन ठेवला आणि लगेच काकांना, बडबड्याला आणि मौनीला लिहिलं, 'आपली टीम राहिली', आणि सगळ्यात आधी मौनीला. ते मला लागलं, पण मी काही बोललो नाही.

आता तुम्ही विचाराल, मग माझं काय? मी बाबांकडे परत गेलो का? नाही. बाबांचं मनगट बरं झालं. मी टेबलावरच असतो, लॅपटॉपच्या शेजारी, आणि मीटिंग सुरू झाली की ताई मला उचलते. एकदा कॅमेऱ्यात मी दिसलो तेव्हा मौनीने विचारलं, "ताई, हातात काय आहे?" ताईने मला वर धरून दाखवलं आणि म्हणाली, "चेंडू आहे. मी तुमच्या मधे बोलू नये म्हणून."

पूर्वी मी ज्याच्या हातात असे तो बोलत असे. आता मी जिच्या हातात असतो ती गप्प बसते. हा बढतीचा प्रकार की उतरतीचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण मित्रांनो, एक गोष्ट मी कळवळून सांगतो. तुमचं एखादं माणूस लांब असेल, बहीण, मामा, मित्र, कामातला सोबती, कोणीही, आणि तुम्ही त्याला काही विचारलंत, तर ताबडतोब दुसरं काही बोलू नका. गप्प आहे म्हणजे त्याला काही सांगायचं नाही, असं धरून चालू नका. उत्तर निघालेलं असतं, ते वाटेत असतं. तेवढा वेळ थांबा. थांबवत नसेल तर हातात काहीतरी धरा. माझ्यासारखं जुनं, चावलेलं, फुकट मिळालेलं काहीही चालेल. आणि काम झाल्यावर ते कपाटाखाली जाऊ देऊ नका.

आता मीटिंग सुरू झाली आहे. ताईने नुकतंच म्हटलंय, "माझं झालं, आता तू," आणि मौनीचं नाव घेतलंय. काचेत अजून काहीच हललेलं नाही. ताईची बोटं माझ्यात रुतत चालली आहेत, आणि खोलीत कोणीही बोलत नाही.